तांबे बाई आणि कोरे उंदीर

ईशा, परवा फोनवर तू विचारलंस, "आजी, आरे-वारेला तो काका वाळूत पडला होता, तेव्हा नुसती घड्याळाकडे बघत बसलेली ती मावशी कोण?" तू तेव्हा आठ वर्षांची होतीस. निखिल पाच वर्षांचा, त्याला त्या दिवसातला फक्त बर्फाचा गोळा आठवतो. तुला मात्र ती मावशी आठवते, आणि इतक्या वर्षांनंतरही तुझ्या आवाजात तिच्याबद्दल थोडा राग होता. समोर माणूस तडफडतोय आणि ही मिनिटं मोजते आहे, असं तुला वाटलं होतं.

मी "सांगेन कधीतरी" म्हटलं आणि विषय बदलला. तांबे बाई फोनवर सांगून होण्यासारख्या नव्हत्या. म्हणून लिहायला बसले आहे. तुम्हां दोघांना मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे. सावकाश वाचा, अडेल तिथे आईला विचारा.

प्रमिला तांबे आमच्या शेजारी सतरा वर्षं राहिल्या. आपल्या परसाच्या टोकाला चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे ना, त्याच्या पलीकडचं कौलारू घर त्यांचं. गावाबाहेरच्या फार्मसी कॉलेजात त्या औषधशास्त्र शिकवत. घरात त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ नंदू, दोघंच. गेल्या वर्षी कल्याणला एका चुलत भाचीच्या घरी बाई वारल्या. हृदयाचं दुखणं निघालं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. मला फोन नंदूनेच केला. त्या घरात आता बँकेतलं एक तरुण जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत, माझी चौकशी करतात. पण सकाळी साडेसातला माझे कान अजून गडग्याकडे लागतात. त्या वेळी पलीकडून "टीचर, चहा झाला?" असं यायचं. मी इंग्रजी शिकवायचे म्हणून त्या मला टीचर म्हणत, मी त्यांना बाई म्हणे. एवढ्या वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना कधी अरे-तुरे केलं नाही, आणि एकमेकींपासून फारसं काही लपवलंही नाही.

बाई ठेंगण्या होत्या. चालताना पुढे झुकून चालत, समोरून वारा येत असल्यासारख्या. बोलणं कमी. जे बोलत त्यात एक शब्द फार वेळा येई, "कशावरून?" यंदा पाऊस लवकर आहे म्हणा, अमका मुलगा हुशार आहे म्हणा, की "कशावरून?" त्यात खोच नसे. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असे. भाजीवाली "ताजी हाय ओ बाई" म्हणाली तरी तेच. तिने एकदा पाटी खाली ठेवून विचारलं, "तुमाला भाजी होवी का साक्षीदार?" बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "दोन्ही असले तर बरं."

त्यांचा दुसरा प्रश्न असे, "आणि कोऱ्याचं काय?" हा जरा समजावून सांगावा लागेल. एखादं औषध तपासताना काही उंदरांना ते औषध देतात आणि काहींना काहीच देत नाहीत, नुसतं पाणी. या दुसऱ्या उंदरांना बाई कोरे म्हणत. पुस्तकात वेगळा शब्द आहे, पण त्यांचे विद्यार्थीही कोरेच म्हणू लागले होते. औषध दिलेला उंदीर बरा झाला म्हणून टाळ्या वाजवायच्या नाहीत, आधी कोऱ्याकडे बघायचं. तोही आपोआप बरा झाला असेल तर औषधाने काय केलं? हा नियम त्या उंदरांच्या खोलीत ठेवून येत नसत, घरी घेऊन येत. मी म्हटलं, आल्याच्या चहाने माझा खोकला चार दिवसांत गेला. लगेच, "आणि कोऱ्याचं काय? चहा न घेता चार दिवसांत गेला नसता कशावरून?" मग मी रागाने आणखी एक कप चहा प्यायले.

समोरच्या दामले अण्णांच्या हापूसच्या दोन बागा. एकदा आमच्या पडवीत ते म्हणाले, "माझ्या बागेतला आंबा मी डोळे मिटून ओळखीन." बाई म्हणाल्या, "मिटा." पुढच्या रविवारी पडवीत सहा बश्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीखाली चिकटपट्टीवर आकडा. कोणत्या बशीत कोणता आंबा हे फक्त नंदूला माहीत. बाईंनी ते स्वतःलासुद्धा कळू दिलं नव्हतं. "मला माहीत असलं तर माझ्या तोंडावरून अण्णांना कळेल," म्हणाल्या. "डोळे मिटलेत ना माझे!" अण्णा ओरडले. "मग माझ्या श्वासावरून कळेल," बाई म्हणाल्या.

अण्णांनी डोळ्यांवर उपरणं बांधलं आणि एकेक फोड घोळवून घोळवून खाल्ली. चौथ्या बशीला ते थांबले. मान डोलावली. "हा! हा माझ्या खालच्या बागेतला. ही चव दुसरीकडे मिळायचीच नाही." नंदूने चिठ्ठी उघडली. चौथ्या बशीत बाजारातला कर्नाटकी आंबा होता. अण्णांनी उपरणं सोडून बशीखालचा आकडा स्वतः बघितला. शेवटी अण्णांच्या बायकोनेच तोंड उघडलं, "अहो, निदान कलमांना सांगू नका. वाळतील." आम्ही सगळे हसलो, बाई सोडून. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "अण्णा, एकदा चुकणं म्हणजे काहीच नाही. परत करून बघू." अण्णा पुढच्या मोसमापर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. मग मे महिन्यात स्वतःच अर्धी पेटी घेऊन आले, पडवीत धप्पकन टेकवली आणि म्हणाले, "मांडा बश्या." या वेळी बरोबर ओळखला. "बघा!" अण्णा म्हणाले. "छान," बाई म्हणाल्या, "आता एक-एक झालं."

आता नंदू. बाईंपेक्षा तो अकरा वर्षांनी लहान. त्यांचं गाव पालीच्या पुढे, डोंगराला टेकलेली एक वाडी. वडील मुंबईत कारकून, वर्षातून दोनदा येत. नंदू सहा वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा फिट आली. गावाकडे आकडी म्हणतात. आईने लोकांनी सांगितलं ते सगळं केलं. कांदा हुंगवला, चप्पल हुंगवली, भगताकडे नेलं. बाई तेव्हा रत्नागिरीत वसतिगृहात राहून बारावी करत होत्या. त्यांनी हट्टाने त्याला डॉक्टरकडे आणलं आणि गोळी सुरू झाली. गोळीने फिट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. दोन-तीन महिन्यांनी एखादी येईच. शिवाय गोळीने त्याचे हात कापत, हिरड्या सुजत, सकाळी दहापर्यंत झापड जात नसे. तरी तो बी. कॉम. झाला आणि झेरॉक्सच्या दुकानात काम करू लागला. त्याचे दोन मित्र जयगडच्या बंदरात नोकरीला लागले होते. नंदूलाही तिथे जायचं होतं. पण नोकरीच्या फॉर्मात तब्येतीचा एक प्रश्न असे आणि नंदू खोटं लिहीत नसे. तो मला म्हणायचा, "टीचर, माझं सगळं बरं आहे ओ. एक रकाना तेवढा वाईट आहे."

तर त्या दिवशी आरे-वारेला. तुम्ही आला होतात म्हणून मीच सगळ्यांना घेऊन गेले होते. नंदू तुमच्याबरोबर वाळूचा किल्ला करत होता आणि एकदम कलंडला. माणसं जमली. एकाने पायातली चप्पल काढली, दुसऱ्याने चाव्यांचा जुडगा त्याच्या मुठीत कोंबायला घेतला. बाई म्हणाल्या, "चप्पल पायात घाला दादा, वाळू तापलीय." नंदूला कुशीवर वळवलं, डोक्याखाली स्वतःची पिशवी सरकवली, शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि मग त्या घड्याळ बघत बसल्या. ईशा, अशी फिट पाच मिनिटांच्या आत थांबली तर माणसाला घरी न्यायचं, नाही थांबली तर तडक दवाखान्यात. म्हणून घड्याळ बघणं एवढंच त्या वेळी त्याच्यासाठी करण्यासारखं होतं. बाकी सगळं, धरून ठेवणं, पाणी पाजणं, रडणं, त्याच्या उपयोगाचं नव्हतं. नंदूने डोळे उघडले आणि पहिला प्रश्न विचारला, "किती?" "एक मिनिट चाळीस." "मागल्यापेक्षा कमी," तो म्हणाला आणि हसला.

त्यानंतर बाई एकट्याच पाण्याच्या कडेला गेल्या आणि पाठमोऱ्या उभ्या राहून कितीतरी वेळ तोंड धूत राहिल्या. ते तू बघितलं नाहीस. तुम्ही तेव्हा गोळा खात होतात.

गावाकडे असताना त्यांची आई नंदूला एका झाडाचं मूळ उगाळून देई. लहानसं झाड, पावसाळ्यात सड्यावर, कातळाच्या फटीत उगवतं. मूळ दिलं की पोराची आकडी लांबते, असं आई म्हणे. साऱ्या जगाला "कशावरून?" विचारणाऱ्या बाईंनी आईला ते कधी विचारलं नाही. आई गेल्यावर विचारायला लागल्या, आणि उत्तर शोधायला त्यांच्यापाशी उंदरांची खोली होती. त्या झाडाचं नाव मी इथे लिहीत नाही. ती बाईंची अट होती. "नाव बाहेर गेलं की उद्या कुणीतरी पोराची गोळी बंद करून मूळ उगाळील." घरात त्या झाडाला पाहुणी म्हणत, कारण ती पावसात येते आणि गणपती गेले की दिसेनाशी होते. सुट्टीच्या दिवशी बहीणभाऊ सकाळच्या एसटीने पालीला जात आणि संध्याकाळी चिखलाने भरलेल्या पिशव्या घेऊन येत. दोन्ही घरांच्या पडव्यांत वर्तमानपत्रांवर पाहुणी वाळत असे.

मी एकदा त्यांची उंदरांची खोली बघायला गेले. बाईंनी मला दारातच अडवलं. "टीचर, तुम्ही मोगरा माळलाय."

"मग?"

"त्यांना भीती वाटते वासाची. घाबरलेला उंदीर खरं उत्तर देत नाही."

गजरा बाहेर खिळ्याला अडकवून मी आत गेले. त्यांच्या स्वतःच्या हातांना कसलाच वास येत नसे. प्रयोगाच्या आठवड्यात त्यांच्या घरी बांगडा शिजत नसे, आणि नंदू गडग्यावर येऊन तक्रार करी, "टीचर, उंदरांच्या पायी मी वरणभात खातोय. थोडं कालवण असलं तर बघा." बाई आधी तळवे चोळून ऊब आणत, मग पिंजऱ्यात हात घालत. "ये गो बाय, ये," असं गावच्या बोलीत म्हणत. वर्गात त्यांची मराठी पुस्तकी, इंग्रजी त्याहून पुस्तकी. गावची बोली फक्त नंदूसाठी आणि उंदरांसाठी.

प्रयोग ऐकायला बरा वाटत नाही. उंदराच्या कानांना बारीक चिमटे लावून क्षणभर वीज सोडायची. त्याला फिट येते, मागचे पाय ताठ होतात. औषधामुळे पाय ताठ झाले नाहीत तर औषधात काहीतरी आहे. किती उंदरांवर करायचं हे ठरवायला एक समिती असते, मनाला येईल तितके घेता येत नाहीत. बाईंकडे तीन गट असत. एक कोरे. दुसरे नंदू घेई तीच गोळी दिलेले, त्यांना त्या नंदूचे म्हणत. तिसरे पाहुणीचे. यातल्या कोऱ्यांना फिट येणार हे ठरलेलंच. कोरा उंदीर हातात घेताना बाईंचे ओठ हलले म्हणून मी विचारलं, काय म्हणता? "माफ कर म्हणते," त्या म्हणाल्या. "त्याला कळत नाही. पण म्हणते."

पहिल्या पावसाळ्यात पाहुणीचा काढा पाण्यात केला. काही झालं नाही. कोरेही पडले, पाहुणीचेही पडले. पुढच्या पावसाळ्यात बाईंनी स्पिरिटमध्ये मूळ भिजवून अर्क काढला. डांबरासारखा काळा आणि चिकट झाला तो, पाण्यात मिसळेचना. मग सिरपात घालतात तसल्या एका दाट, बिनरंगी द्रवात तो कालवला आणि उंदरांना दिला.

श्रावणातली दुपार होती. बाई भर पावसात कॉलेजातून पांढऱ्या कोटातच आल्या आणि घरी न जाता आमच्या पडवीत उभ्या राहिल्या. "टीचर, पाहुणीच्या एकाचेही पाय ताठ झाले नाहीत."

"एकाचेही?"

"एकाचेही."

नंदू गडग्यावरून उडी मारून आला. "ताय, खरं?"

"अजून काही नाही रे. परत करायला पाहिजे." त्या म्हणत होत्या ते बरोबरच होतं. पण त्या हसत होत्या. सतरा वर्षांत मी त्यांना तसं हसताना तेवढं एकदाच पाहिलं. एरवी तोंड मिटून हसत. त्या दिवशी सगळे दात दिसले, आणि दातांत एक फट होती हे मला तेव्हा कळलं.

"जयगडचा फॉर्म कधी भरू मग?" नंदूने विचारलं.

एरवी बाईंनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं असतं. त्या दिवशी म्हणाल्या, "भर हो. आधी उंदरांचे आभार मान."

त्यांचा कुठलाही शोधनिबंध इंग्रजीत लिहून झाला की तो माझ्याकडे येई. त्यातलं शास्त्र मला कळत नसे. वाक्य नीट उभं आहे का, तेवढंच मी बघायचे. भाद्रपदात हाही आला. आम्ही आपल्या जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो, माझ्या हातात पेन्सिल, त्यांच्या हातात चहा. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की अर्क त्या द्रवात कालवून दिला. चौथ्या पानावर लिहिलं होतं की कोऱ्या गटाला पाणी दिलं. मला ती लिहिण्यातली चूक वाटली. म्हटलं, "बाई, हे एकसारखं करून घ्या. कोऱ्यांना पाणी दिलंत की तो द्रव?"

बाईंनी पान हातात घेतलं. कप खाली ठेवला. बराच वेळ वाचत राहिल्या, खरं तर त्या पानावर वाचायला एवढं काही नव्हतं.

"या वेळी मी कोरे घेतलेच नाहीत, टीचर."

"म्हणजे?"

"गेल्या वर्षीचे आकडे होते ना. पाणी दिलेल्यांचे. तेच धरले. म्हटलं, कोऱ्यांना फिट येते हे तर माहीतच आहे. परत तेवढ्या जणांना कशाला…"

 मग मला समजावल्यासारखं, पण स्वतःलाच, हळूहळू म्हणाल्या, "पाहुणीच्या उंदरांना पाहुणी मिळाली आणि द्रवही मिळाला. नुसता द्रव कुणालाच मिळाला नाही. मग वाचवलं कुणी?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "समितीने हरकत घेतली नाही ना?"

"ती कशाला घेईल? कमी उंदीर वापरले म्हणून शाबासकी दिली." त्यांनी कागद गोळा केले. "दया आली मला. बाकी काही कारण नाही."

नव्या उंदरांची परवानगी यायला दिवाळी उलटली. मधल्या काळात त्यांनी नंदूला काही सांगितलं नाही. खात्री नसताना काय सांगायचं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांना शोभणारंच होतं. एका संध्याकाळी त्या आल्या आणि पायरीवर बसल्या. नुसता द्रव दिलेले उंदीरही वाचले होते. आणि तोच अर्क दुसऱ्या रीतीने, द्रवाशिवाय दिलेले उंदीर कोऱ्यांसारखेच पडले होते.

"नंदूला सांगायचंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही चला."

नंदू पडवीत क्रिकेट बघत बसला होता. बाईंनी टीव्ही बंद केला आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, काही न गाळता. नंदू ऐकत राहिला. मग म्हणाला, "पण मला तर तीन महिने आली नाय."

"काय?"

"फिट. मी पाहुणी घेतोय ताय. सकाळची, उगाळून. तुझ्या डब्यातली वाळलेली. गोळी अर्धी केलीय."

"कधीपासून?"

"तू हसत आलीस ना, तवापासून."

बाईंनी फळीवरून त्याच्या फिटांच्या नोंदींची वही काढली. नंदू उठून त्यांच्यासमोर आला. तो आनंदात होता, हे मला आजही आठवतं. "म्हंजे काम करते ती! तुझे उंदीर चुकले असतील, मी नाय चुकलो. हात बघ, कापतात काय? सकाळी सातला उठतोय मी."

"नंदू, दोन वर्षांमागे पाच महिने गेले होते फिट न येता. वहीत आहे."

"तवा पाहुणी नव्हती!"

"तेच सांगतेय. तेव्हा पाहुणी नव्हती."

नंदूचा चेहरा उतरला. मग तो ओरडला, मी त्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "तुझं एकच! मग माझा कोरा कुठाय? दाखव ना, माझा कोरा कुठाय?"

"नाहीये," बाई म्हणाल्या. "तू एकटाच आहेस मला. म्हणून पुरी गोळी घे."

त्याने घेतली. पण चौथ्या दिवशी सकाळी गडग्यापलीकडून हाक आली, "टीचर, गाडी!" बाईंचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. मी गेले तेव्हा नंदू न्हाणीघराच्या दारात होता, बाई जमिनीवर त्याच्या शेजारी, घड्याळ समोर धरून. पाच मिनिटं होऊन गेली होती. दामले अण्णा बनियनवरच गाडी घेऊन आले. त्यांनी आणि मी नंदूचे पाय धरले, बाईंनी डोकं. दवाखान्यात इंजेक्शनं दिल्यावर फिट थांबली. पडताना त्याचा खांदा मोडला होता. शुद्धीवर यायला संध्याकाळ झाली, आणि या वेळी त्याने "किती?" असं विचारलं नाही.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. अण्णा कुणाला तरी चहा आणायला सांगत होते. बाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी हसले ना टीचर, तो डोस जास्त झाला."

"तुम्ही त्याला म्हणाला होतात, अजून काही नाही म्हणून."

"तोंडाने म्हटलं. तो लहानपणापासून माझं तोंड बघतोय, ऐकत नाही."

पुढे एकदा मी त्यांना म्हटलं, मी ते चौथं पान वाचलंच नसतं तर बरं झालं असतं. बाई माझ्यावर जवळजवळ चिडल्या. "आणि तो निबंध छापून आला असता? आणखी किती घरांतून गोळ्या अर्ध्या झाल्या असत्या?" कॉलेजातले वरिष्ठ नाराज होते. एवढं काम झालंय, थोडे शब्द बदलून पाठवा, असं त्यांचं म्हणणं. बाई ते कागद घेऊन माझ्याकडे आल्या. "टीचर, इंग्रजीत असं लिहिता येतं का, की ते खोटंही नाही आणि खरंही नाही?"

"येतं," मी म्हटलं. "पुष्कळ येतं."

"मग नकोच." त्यांनी नवा, दोन पानांचा निबंध लिहिला. आमचं कसं चुकलं, द्रवानेच उंदीर कसे वाचले, पाहुणी त्या प्रयोगात काही करताना दिसली नाही, आणि कोऱ्यांनाही तोच द्रव द्यावा. एका लहानशा नियतकालिकात तो छापून आला. फार कुणी वाचला असेल असं वाटत नाही. मी तीनदा वाचला. एकही चूक नव्हती.

त्यानंतरही आम्ही शेजारी होतोच. वैशाख पौर्णिमेला खीर येई, गणपतीत आमच्याकडून मोदक जात. पण पडव्यांतली वर्तमानपत्रं गेली. पावसाळ्यात त्या पालीला जात ते नातेवाइकांना भेटायला, आणि मोकळ्या पिशवीने परत येत. नंदू खांदा बरा झाल्यावर पुन्हा दुकानात जाऊ लागला. जयगडचं नाव त्याने काढलं नाही. बहिणीशी तो चांगलाच वागे, म्हणजे फार चांगला, पाहुण्यासारखा. बाईंना ते सहन होत नसे. एकदा म्हणाल्या, "हल्ली तो माशांवरूनसुद्धा भांडत नाही."

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मुंबईच्या एका डॉक्टरांनी नंदूला नवी गोळी सुरू केली होती. तिने झापड कमी येई. पण सुरुवातीला वरचेवर तपासायला जावं लागणार होतं, म्हणून कल्याणला भाचीकडे राहायचं ठरलं. वर्षभरासाठी, असं म्हणत होत्या. मी "कशावरून?" असं विचारलं नाही. विचारायला हवं होतं, निदान त्या हसल्या असत्या.

मी स्टेशनवर पोचवायला गेले. सकाळची गाडी. दोघं खिडकीशी समोरासमोर बसले, मी खाली फलाटावर. अशा वेळी बोलण्यासारखं काही उरलेलं नसतं. बाई म्हणाल्या, "नवीन येतील त्यांना सांगा, मागचा नळ उलटा फिरतो." मी म्हटलं, सांगेन. नंदू म्हणाला, "टीचर, दामले अण्णांना सांगा, तिकडं मला सगळे आंबे तुमचेच वाटतील." ही त्याची जुनी तऱ्हा होती. फार दिवसांनी ऐकली. बाईंनी चमकून त्याच्याकडे पाहिलं.

शिट्टी झाली. नंदूने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची डबी काढली. त्याला कुणी आठवण केली नव्हती. गोळीची वेळ झाली होती आणि त्याने आपण होऊन ती काढली, पुरी गोळी तळहातावर घेतली, पाण्याची बाटली उघडली. गाडी हलली. मी हात वर केला. बाईंचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या नंदूच्या गळ्याकडे बघत होत्या, घास भरवताना आईचं तोंड उघडतं तसं त्यांचं तोंड किंचित उघडं होतं. त्याने घोट घेतला, मान मागे टाकली. गोळी खाली उतरली. तेव्हा कुठे त्या खिडकीकडे वळल्या. पण तोवर त्यांचा डबा फलाटाच्या शेडबाहेर गेला होता, आणि तेवढ्या लांबून त्यांना मी दिसले की नाही, ते मला कळलं नाही.